गनिमी युद्धातील नेतृत्व आणि मोहिमेची कला

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे गोसीखुर्द, जिल्हा भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. सेनापती, छापे आणि मोहिमा यांच्याशी ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा तहसील कचेरीचा काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. दोन राजांच्या खड्या फौजा समोरासमोर उभ्या ठाकतात तेव्हा हा संबंध दूरचा असेलही. पण गनिमी युद्धात तो सर्वांत निकटचा असतो. अशा युद्धाचा अखेरचा निकाल गावात लागतो. गावाचा विश्वास राखणारा माणूस, मग त्याच्या हाती तलवार असो वा लेखणी, त्या युद्धाच्या नेतृत्वाचा भागीदार असतो. हेच सूत्र मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आपण वैनगंगेच्या काठी जमलो आहोत. गोसीखुर्दच्या धरणाखाली ही नदी वडसा आणि गडचिरोलीच्या अंगाने दक्षिणेकडे जाते, चपराळ्याच्या परिसरात वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला जाऊन मिळते. या खोऱ्याने गनिमी युद्धाची तीन पर्वे जवळून पाहिली आहेत. पहिले पर्व औरंगजेबाविरुद्ध मराठ्यांनी दिलेल्या स्वातंत्र्ययुद्धाचे. त्याच्या लाटा वऱ्हाड आणि गोंडवनापर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. दुसरे १८५८ मधील बाबूराव शेडमाके यांच्या उठावाचे. तिसरे १९८० नंतर गडचिरोलीच्या अरण्यात सुरू झालेल्या नक्षलवादी संघर्षाचे. या तिघांची उद्दिष्टे भिन्न आणि त्यांच्या न्याय्यतेचा निवाडाही भिन्न. त्यांना एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु दुबळ्या पक्षाने बलाढ्य सत्तेशी लढण्याचे शास्त्र तिन्ही ठिकाणी दिसते आणि त्याचे नियम तिन्ही ठिकाणी सारखेच लागू पडतात.

मोहिमेची कला म्हणजे काय?

युद्धाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. प्रत्यक्ष झुंजीत शत्रूला कसे हरवावे, हा डावपेचांचा प्रश्न. युद्ध कशासाठी करावयाचे आणि राज्याने त्यासाठी किती मोल द्यावयाचे, हा राजनीतीचा प्रश्न. या दोहोंमध्ये एक मधली पायरी आहे. अनेक छोट्यामोठ्या झुंजी काळ, स्थळ आणि रसद यांच्या हिशेबाने एका सूत्रात ओवून मूळ उद्दिष्टाकडे नेण्याची ती कला होय. १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियातील अलेक्झांडर स्वेचिन यांनी या मधल्या पायरीला स्वतंत्र नाव दिले. आपण तिला मोहिमेची कला म्हणू. नाव नवे असले तरी कला जुनी आहे आणि सह्याद्रीला तिची ओळख फार पूर्वीपासून आहे.

गनिमी कावा म्हणजे अचानक छापा घालून पळून जाणे, अशी एक ढोबळ समजूत शालेय पुस्तकांतून आपल्या मनात रुजलेली असते. छापा हा त्यातील डावपेच आहे. पण कोणता छापा कोणत्या वेळी घालावा, कोणता मोह टाळावा, कोणता किल्ला सोडावा, कोणता झुंजवावा आणि त्यातून शत्रूचे कोणते बळ क्षीण करावे, हे ठरविणारा खरा नेता. शंभर छापे यशस्वी होऊनही उठाव बुडू शकतो. उलट राजधानी पडूनही मोहीम जिंकता येते. याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात नाही, म्हणून तेथूनच आरंभ करू.

राजधानी गेली, राज्य राहिले

१६८९ साली मराठी राज्यावर एकामागून एक आघात झाले. फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही अशी ती अवस्था होती. युद्धशास्त्राच्या रूढ नियमाप्रमाणे हे युद्ध तेथेच संपावयास हवे होते.

ते संपले नाही, कारण त्या वेळच्या नेतृत्वाने युद्धाचा आकारच बदलला. राजाराम महाराज रायगडावरून आधीच निसटले होते. ते दक्षिणेत दूर जिंजीला जाऊन राहिले. त्यामुळे बादशाहापुढे दोन रणक्षेत्रे उभी राहिली, एक सह्याद्रीत आणि दुसरे तमिळ मुलखात. या दोहोंमधील लांबलचक वाटांवर मोगलांचा दाणागोटा, खजिना आणि टपाल उघडे पडले. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये जिंजीला वेढा घातला, तो किल्ला त्याच्या हाती जानेवारी १६९८ मध्ये आला. आणि तोवर राजाराम महाराज तेथून निघूनही गेले होते. एका किल्ल्यापायी बादशाही फौजेचा मोठा भाग सात वर्षांहून अधिक काळ अडकून पडला. किल्ला गेला, पण मोहीम साधली.

या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी जे केले ते मोहिमेच्या कलेचा वस्तुपाठ आहे. १६९२ च्या अखेरीस दोघेही जिंजीच्या परिसरात उतरले. वेढ्याच्या तळावर थेट तुटून पडण्याऐवजी त्यांनी त्या तळाला पोसणाऱ्या भोवतालच्या ठाण्यांवर घाला घातला. संताजींनी कांचीपुरमचा फौजदार अली मर्दानखान पकडला, तर धनाजींच्या बाजूने इस्माईलखान मका हाती लागला. धान्याची आवक तुटताच वेढा घालणारेच वेढले गेले आणि १६९३ च्या आरंभी मोगल सैन्याला वांदिवाशकडे मागे सरावे लागले.

नोव्हेंबर १६९५ मध्ये चित्रदुर्गाजवळ दोड्डेरी येथे याच बुद्धीचे दुसरे रूप दिसले. मोगल सरदार कासीमखान याचे पुढचे तंबू मुख्य तळाच्या काही कोस पुढे गेले होते. संताजींनी आपल्या सैन्याचे तीन भाग केले. एका भागाने त्या तंबूंवर हल्ला चढविला. मदतीला धावून येणाऱ्या मुख्य फौजेला दुसऱ्याने वाटेत गाठले. तिसरा राखीव होता. त्याने रिकाम्या पडलेल्या तळावर झडप घातली. दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडलेली ती फौज अन्नपाण्यावाचून हतबल झाली. कासीमखानाचा तेथेच अंत झाला आणि उरलेल्यांना मोठी खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. पुढे दोन महिन्यांच्या आतच बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. शत्रूला आपल्या सोयीच्या जागी खेचून आणावयाचे आणि त्याच्या घाईचा फायदा घ्यावयाचा, हे या विजयांचे मर्म होय.

परंतु याच संताजींच्या चरित्रात नेतृत्वाचा दुसरा धडाही आहे. त्यांची शिस्त अतिशय कडक, शब्द तिखट आणि स्वभाव न झुकणारा होता. राजाराम महाराजांशी त्यांचे बिनसले, धनाजींशी उघड संघर्ष झाला आणि जून १६९७ मध्ये स्वकीयांच्या हातूनच त्यांचा घात झाला. बादशाहाच्या अनेक सरदारांना जे जमले नाही ते आपसातील दुहीने करून दाखविले. गनिमी फौज विखुरलेली असते. तिला बांधून ठेवणारी भिंत किंवा छावणी नसते. म्हणूनच नेत्यांचा परस्परविश्वास हाच तिचा किल्ला असतो.

कारभाऱ्याचे सेनापतित्व

आता या युद्धाच्या कमी प्रकाशात राहिलेल्या बाजूकडे वळू. अधिकारी आणि पंचायत सदस्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. महाराष्ट्रात मागे राहून ही झुंज उभी ठेवणारा प्रमुख पुरुष रामचंद्रपंत अमात्य. त्यांना राजाराम महाराजांनी ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन जवळजवळ सर्वाधिकार दिले. शंकराजी नारायण आणि परशुरामपंत त्र्यंबक यांच्या साहाय्याने त्यांनी गड पुन्हा घेतले आणि देशमुख-देशपांड्यांना स्वराज्याच्या बाजूला राखले. संताजी-धनाजींची घोडी दौडली ती या कारभाराच्या बळावर.

उद्दिष्टांची उतरंड कशी लावावी, हेही त्या पिढीला ठाऊक होते. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना राजाराम महाराजांनी जे अभिवचन दिले, त्यात नेमणुकीचा ऐवज टप्प्याटप्प्याने मिळावयाचा होता. रायगड प्रांत घेतल्यावर काही, मग विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद घेतल्यावर काही, आणि मोठा हिस्सा दिल्ली घेतल्यावर. राज्याचा संसार उघड्यावर पडलेला असताना दिल्लीचे नाव घेणारी ही योजना वाचून आजही आश्चर्य वाटते. सैनिकाला उद्याची लढाई आणि शेवटचे ध्येय एकाच कागदावर दाखविणे, ही नेतृत्वाची मोठी खूण आहे.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. सरदारांना राखण्यासाठी वतने आणि सरंजाम द्यावे लागले. शिवाजी महाराजांनी जी प्रथा आवरली होती ती संकटकाळी पुन्हा सुरू झाली आणि पुढे मराठी राज्याच्या ऐक्याला तिने अडचण निर्माण केली. युद्धकाळात दिलेली आश्वासने शांततेच्या काळात फेडावी लागतात, हे कारभाऱ्याने विसरता कामा नये.

रयतेच्या बाबतीत मूळ धडा शिवाजी महाराजांचाच. चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला त्यांनी दिलेली ताकीद प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत बेताने वापरले नाही तर पुढे शिपाई कुणब्यांच्या घरून ओरबाडू लागतील, गावे उठून जातील आणि लोकांना मोगलांपेक्षा आपलाच जाच अधिक वाटेल, असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून दिव्याची वात उंदीर नेईल एवढ्यापर्यंत त्यांनी विचार केला. हे पत्र कोठीच्या हिशेबाचे दिसते. वस्तुतः ते गनिमी युद्धाचे पहिले कलम आहे.

राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० पासून, महाराणी ताराबाईंनी हीच दिशा चालू ठेवली. वृद्ध बादशाह स्वतः किल्ल्यांमागून किल्ले घेत हिंडत राहिला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा ही नावे त्याच्या विजयांच्या यादीत आली. पण सातारा घेण्यास चार महिन्यांहून अधिक काळ लागला. विशाळगडाहून पन्हाळ्यापर्यंतच्या लहानशा वाटेला १७०२ च्या पावसाळ्यात पाच आठवडे लागले; ओढे-नाल्यांत जनावरे, सामान आणि माणसे बुडाली. किल्लेदार शक्य तितका काळ गड झुंजवीत, पुष्कळदा मोबदला घेऊन गड सोडीत आणि बादशाहाची पाठ फिरताच तो परत घेतला जाई. बादशाह किल्ले मोजत होता. मराठे त्याची वर्षे मोजत होते.

याच सुमारास युद्ध आपल्या बाजूला सरकले. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाडात शिरले, रुस्तुमखानाचा पराभव करून नर्मदेपलीकडे माळव्यात उतरले. भंडाऱ्याचा बराच मुलूख तेव्हा देवगडच्या गोंड राज्यात होता. नागपूर शहर वसविणारा तेथील राजा बख्त बुलंद यानेही बादशाही अंमलाविरुद्ध पवित्रा घेऊन मराठ्यांशी संधान बांधले. ज्या प्रदेशांना मोगल आपले सुरक्षित पाठबळ समजत होते तेच रणक्षेत्र झाले. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाचे निधन झाले तेव्हा मराठी राज्य जिवंत होते. मात्र या पंचवीस वर्षांच्या युद्धाने दख्खनची शेती उद्ध्वस्त झाली, १७०२ ते १७०४ च्या दुष्काळात व साथीत असंख्य माणसे मेली, हेही सत्य सांगितले पाहिजे. गनिमी युद्धाचा सर्वांत जड भार नेहमी रयतच उचलते.

मोलमपल्लीचा वीर

दीडशे वर्षांनंतर याच खोऱ्याच्या खालच्या भागात बाबूराव शेडमाके उभे राहिले. अहेरी परिसरातील मोलमपल्लीचे हे तरुण गोंड जमीनदार. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने धाडलेल्या फौजेशी १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ त्यांची झुंज झाली. त्यानंतर गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय घेऊन त्यांनी लढा चालू ठेवला. एप्रिलअखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. हॉल आणि गार्टलँड हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले.

या उठावात डोंगराची निवड अचूक होती, वेग होता आणि शौर्याला तर तोड नव्हती. तारेच्या तळावरील हल्ला आजच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण वाटतो, कारण १८५७-५८ मध्ये इंग्रजांचे मोठे बळ त्यांच्या संदेशयंत्रणेत होते. मग उठाव का मावळला? क्रिक्टनने हे युद्ध केवळ बंदुकीने लढविले नाही. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणून त्यांच्या माणसांकरवी त्याने बाबूरावांभोवती जाळे विणले. १८ सप्टेंबरला बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले.

संताजींच्या मागे रामचंद्रपंत होते, दूर जिंजीत राजा होता, शेकडो कोसांचा विस्तार होता. बाबूरावांच्या मागे यांपैकी काहीच नव्हते. उत्तरेतील उठाव तोवर ओसरू लागला होता आणि त्याच्याशी हात मिळविण्याची वाट नव्हती. शेजारचा जमीनदार विरुद्ध जाताच त्यांची रसद, माहिती आणि आश्रय तिन्ही एकदम तुटले. त्यांचे शौर्य उणे पडले नाही. शौर्याला मोहिमेचे रूप देणारी माणसे आणि साधने उणी पडली. म्हणूनच वयाच्या पंचविशीत फासावर गेलेल्या या वीराचे स्मरण करताना केवळ जयजयकार करून थांबू नये, त्यांचा उठाव अभ्यासावा. शिक्षकांनी स्थानिक इतिहास शिकविताना या लढ्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते.

गडचिरोलीचा अनुभव

तिसरे पर्व आपल्या आठवणीतले आहे. १९८० च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशातून नक्षलवाद्यांची दलमे प्राणहिता-गोदावरी ओलांडून आली. गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला तो १९८२ मध्ये. तेंदूपानांची अल्प मजुरी, जंगलखात्याच्या खालच्या नोकरांचा जाच आणि प्रशासनाचे दूरत्व ही त्या वेळची दुखणी खरी होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दलमांनी प्रथम या दुखण्यांवर बोट ठेवले आणि मग बंदुकीच्या धाकाने गावावर अंमल बसविला. खबऱ्या ठरवून आदिवासींनाच ठार मारणे, शाळा-रस्त्यांना विरोध करणे, निवडणुकीवर बहिष्कार लादणे हे त्याचे पुढचे रूप. ज्याच्या नावाने युद्ध पुकारले तोच भयभीत झाला, की गनिमी नेतृत्वाच्या पायाखालची जमीन सरकू लागते.

शासनाच्या बाजूलाही हे युद्ध शिकावे लागले. १९९० मध्ये स्थानिक तरुणांमधून ‘सी-६०’ हे विशेष पथक उभे राहिले. भाषा, पायवाटा आणि ऋतू जाणणारा माणूसच जंगलात लढू शकतो, हे त्यामागील तत्त्व. तरीही एखाद्या दिवसाची घाई किती महाग पडते, हे १ मे २०१९ रोजी दिसले. कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली आणि तिकडे निघालेले पोलिसांचे वाहन जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने उडविले गेले. १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक प्राणांस मुकले. पुढे धक्का देऊन मदतीची फौज वाटेत गाठण्याचा हा डाव किती जुना आहे, हे दोड्डेरीचा वृत्तान्त ऐकलेल्यांच्या ध्यानात येईल. इतिहासाचा अभ्यास सेनाधिकाऱ्याला का हवा, याचे उत्तर त्यात आहे.

एप्रिल २०१८ मधील कसनासूर-बोरियाची चकमक आणि नोव्हेंबर २०२१ मधील मर्दिनटोला येथील चकमक यांत नक्षलवाद्यांची मोठी हानी झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या त्यांच्या ज्येष्ठ नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. या यशात जवानांचा त्याग मोठा आहे. पण त्याच्या जोडीला २००५ पासूनची आत्मसमर्पण योजना आहे, रस्ते आणि मोबाईलचे मनोरे आहेत, आणि एक शांत गोष्टही आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती घेतले. जंगलावरील हक्क बंदुकीवाचून, ग्रामसभेच्या ठरावाने आणि कायद्याच्या कागदाने मिळू शकतो, हे त्या छोट्या गावाने दाखविले. बंदुकीने मिळवून देण्याची भाषा करणाऱ्यांना याहून मोठे उत्तर नाही.

आपला वाटा

जगाचा अनुभवही याहून वेगळा नाही. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये बहुतेक मोठ्या लढाया जिंकल्या आणि युद्ध गमावले, कारण खेड्यातील सत्तेचा प्रश्न सुटला नाही. मलायात १९४८ ते १९६० या काळात लष्कराइतकेच लक्ष नागरी प्रशासनाकडे आणि स्वातंत्र्याच्या आश्वासनाकडे दिले गेले, म्हणून तेथील बंड शमले.

तेव्हा सेनापतीला लागणारे गुण कोणते? काळाचा अंदाज, भूमीचे ज्ञान, रसदीची काळजी, सहकाऱ्यांचा विश्वास आणि रयतेची आस्था. आता हीच यादी गटविकास अधिकारी, तलाठी, मुख्याध्यापक आणि सरपंच यांच्यापुढे ठेवून पाहा. तिच्यातील एकही शब्द बदलावा लागत नाही.

गोसीखुर्दच्या मंडळींना हे मी वेगळे सांगावयास नको. १९८८ मध्ये येथील प्रकल्पाची पायाभरणी झाली. तेहतीस दरवाजांच्या या धरणामागे पाणी साठावे म्हणून अनेक गावांनी घरे, शेते आणि देवळे सोडली. त्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले, नव्या गावठाणातील पाणी, रस्ता आणि मोबदला यांसाठी कचेरीच्या पायऱ्या चढल्या. पण त्यांनी सनदशीर मार्ग सोडला नाही. हा त्यांनी शासनावर टाकलेला विश्वास आहे. विश्वास ही ठेव असते आणि ठेवीला मुदत असते. पुनर्वसनाचा एखादा दाखला कपाटात अडकून पडतो तेव्हा या ठेवीतून थोडी रक्कम उचलली जाते. तो वेळेवर हाती पडतो तेव्हा ठेव वाढते.

चिपळूणच्या छावणीतील गवताच्या गंजीची आणि दिव्याच्या वातीची चिंता एका छत्रपतीने केली, कारण राज्य कोठून पेट घेते हे त्यांना ठाऊक होते. आपल्या टेबलावरचा अर्ज, आपल्या शाळेतील गैरहजर मूल, आपल्या ग्रामसभेत न बोललेला माणूस या आपल्या काळातील गंजी आहेत. त्यांची राखण करणे हे आपले काम. ते नीट झाले तर या खोऱ्यातील पुढच्या पिढीला गनिमी युद्धाचा अभ्यास केवळ इतिहासाच्या तासाला करावा लागेल. तसे व्हावे, अशी इच्छा व्यक्त करून मी थांबतो.